घरात कुणीच धंदा केला नसेल तर सुरुवात कशी करायची?

माळरानावरचा
नमस्कार मंडळी. वडील एसटीत कंडक्टर होते, आई रोजानं शेतात जाते, घरात कुणी कधी दुकान टाकलेलं नाही. मी लातूरला हार्डवेअरच्या दुकानात ६ वर्षं काम केलंय, पाइप, फिटिंग, गिऱ्हाईक सगळं माहितीये, आता गावाकडे स्वतःचं टाकायचंय. माझ्या मित्राचं घर व्यापाऱ्यांचं, त्याच्या वडिलांनी होलसेलवाल्याला एक फोन केला अन् ४५ दिवसांच्या उधारीवर टेम्पोभर माल दारात. मी त्याच माणसाकडे गेलो तर म्हणे आधी पैसे, मग माल. मुद्रा लोनला गेलो तर बँकेत तारण मागितलं. घरचे म्हणतात तलाठी भरतीचा फॉर्म भर. काय करू?

गल्ल्यावरचा
मी त्या मित्रासारख्याच घरातला. पाचवीपासून शाळा सुटली की गल्ल्यावर बसायचो, कुणाला उधार द्यायचं, वसुलीला सोयाबीन विकल्यावरच जायचं, हे शिकवलं कुणी नाही, कानावर पडत गेलं. दुसऱ्या वर्षी माझे दीड लाख बुडाले तर काकांनी भिशी उचलून दिली, दुकान एक दिवस बंद नव्हतं. तुझे बुडाले तर बहिणीचं लग्न लांबतं, घरचे म्हणूनच घाबरतात, त्यांच्यावर चिडू नकोस.
होलसेलवाल्याकडून ३-४ महिने थोडा थोडा माल रोखीनं उचल, मग १५ दिवसांची उधारी माग आणि तारखेच्या आदल्या दिवशी पैसे टाक. जुन्या मालकाला तुझ्यासाठी शब्द टाकायला सांग, ६ वर्षं काढलीस तिथं!

कांडपवाली
दादा, मुद्राला तारण लागत नाही, नकार देत असतील तर लेखी मागा. मी पीएमईजीपीतून, म्हणजे नव्या छोट्या धंद्याला बँकेचं कर्ज आणि वर अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेतून, मिरची कांडप मशीन घेतली. घर सासऱ्यांच्या नावावर, माझ्या नावावर काहीच नाही, पण ग्रामीण भागात बाईला ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचे ५ टक्केच घालावे लागतात म्हणून जमलं. एक मात्र कुणी सांगत नाही, ते अनुदान हातात येत नाही, ३ वर्षं बँकेतच ठेव म्हणून राहतं आणि हप्ता चालूच. पहिल्या पावसाळ्यात कांडपाला कुत्रं फिरकलं नाही, दोन हप्ते बचत गटातून उचलून भरले. तेव्हा हप्त्याचे पैसे आधी बाजूला काढा, मग रॅकवर खर्च करा.

सांगलीकर
किर्लोस्करांनी १८८८ ला बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली हे सगळे सांगतात, पण १९१० ला कारखान्याला जागा औंधच्या राजांनी दिली होती हे कुणी सांगत नाही. पाठीशी कुणीतरी लागतंच, मागायला लाजू नका.

माळरानावरचा
ताई, ठेवीचं खरंच माहीत नव्हतं. मालकाकडे सोमवारी जातोय, ते हो म्हणाले तर आधी फक्त ठिबकचं सामान आणि पाइपच ठेवीन, रंग-बिंग नंतर बघू.