आबांच्या फोनवरून आपोआप लग्नपत्रिका जातायत, तातडीने मदत हवी

तासगाव_ते_चाकण (रात्री ८:४०)
मंडळी अर्जंट आहे. गावाकडं आबांच्या फोनवरून सगळ्यांना व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका जातायत, आपोआप. मला पावण्यांचे फोनवर फोन, कुणाचं लग्न काढलं म्हणून. आबा म्हणतात मी काहीच पाठवलं नाही. काढून टाका म्हटलं तर चिन्हच दिसत नाही म्हणतात. मी चाकणला सेकंड शिफ्टला आहे, आज निघता येत नाही. व्हॉट्सॲप काढून परत टाकलं तर थांबेल का, एवढंच सांगा.

कृष्णाकाठ
कुठला फोन? कशाचं चिन्ह दिसत नाही? पत्रिका म्हणजे फोटो, पीडीएफ की आणखी काय?

तासगाव_ते_चाकण
साधा अँड्रॉइड आहे हो, कंपनी कुठली का असेना. बागायतदारांच्या ग्रुपवर पत्रिका आली, आबांनी उघडली, तेव्हापासून हे चालू झालं. व्हॉट्सॲपचं सांगा ना कुणीतरी.

मोबाईल_दुरुस्ती_विटा
फाईलच्या नावाच्या शेवटची अक्षरं वाचायला सांगा आबांना. एपीके असेल तर ती पत्रिका नाहीच, ते ॲप आहे. पीडीएफ किंवा फोटो उघडताना फोन कधी 'इंस्टॉल करू का' विचारत नाही. माझ्याकडं दुकानात असे फोन येतातच, कुणी गाडीचं चलन म्हणून उघडतं, कुणी बँकेची केवायसी म्हणून. व्हॉट्सॲप काढून काय होणार नाही, रोग दुसरीकडं आहे.

तासगाव_ते_चाकण (९:०२)
विचारलं. शेवटी एपीकेच आहे. आधी कार्ड उघडेना, मग 'या स्रोताला परवानगी द्या' आलं, आबांनी बटण सरकवलं. मग मेसेज वाचू का, फोन लावू का, सगळ्याला हो केलं. भावकीतल्या पोराच्या नंबरवरनं आलेली पत्रिका, नाही कशाला म्हणतील ते.

निवृत्त_कॅशिअर
बाकी सगळं राहू द्या. बँकेला दिलेला नंबर त्याच फोनात आहे का?

तासगाव_ते_चाकण
हो, तोच. बेदाण्याच्या विक्रीची पट्टी परवाच जमा झालीय. दुपारपासून बँकेचा एकही मेसेज आला नाही म्हणतात, म्हणजे तिकडं काही गडबड नसावी.

निवृत्त_कॅशिअर
तसं नाही. मेसेज येतायत, आबांना दिसत नाहीत एवढंच. ते ॲप ओटीपी वाचून पुढं पाठवतंय आणि इथलं पुसतंय. आत्ताच्या आत्ता फोन विमान मोडवर टाका, सिम काढून घरात बटणाचा फोन असेल त्यात घाला आणि आबांनी स्वतः बँकेला फोन लावायचा, यूपीआय, नेट बँकिंग, कार्ड सगळं बंद करा म्हणायचं. नंबर पासबुकावरचा किंवा कार्डामागचा घ्या, गूगलवर शोधू नका, तिथं खोटे कस्टमर केअर बसलेत.

वारणा_खोरं
एवढा व्याप कशाला, ##००२# डायल करा, सगळं फॉरवर्डिंग बंद होतंय. माझ्या मेहुण्याला त्यानंच सुटका मिळाली.

मोबाईल_दुरुस्ती_विटा
त्यानं कॉल फॉरवर्डिंग बंद होतं. एसएमएस फोनमधलं ॲपच उचलतंय, त्याला तुमचा कोड काय करणार? चुकीचा धीर देऊ नका लोकांना.

वारणा_खोरं
ओटीपी कॉलवर पण येतो की. व्हॉट्सॲपचा कोड कॉल करून सांगतात, मेहुण्याचं व्हॉट्सॲप तसंच गेलं होतं. अनुभवाचं सांगतोय.

मोबाईल_दुरुस्ती_विटा
बरं, तोही डायल करा. पण सिम काढल्यावर, दुसऱ्या फोनातून.

सई_माधवनगर
आधारचं बायोमेट्रिक लॉक करून घ्या सगळ्यांनी. अंगठा लावून पैसे काढतात त्यात बँकेचं नाव, आधार नंबर आणि ठसा एवढंच लागतं, ओटीपी लागतच नाही. आधारच्या सरकारी ॲपमधून लॉक होतं, रेशनला जाताना तात्पुरतं उघडायचं. आणि झेरॉक्सच्या दुकानात आधारची कॉपी ठेवून येऊ नका.

बेदाणा७७
पट्टी काय दरानं लागली? हिरव्या मालाला यंदा बोली कशी आहे?

कृष्णाकाठ
दादा, दराचा धागा वेगळा आहे, इथं त्यांचा जीव टांगणीला लागलाय. सईताई, तुमचं बरोबर आहे पण त्यांना आत्ता ते नको.

तासगाव_ते_चाकण (९:३५)
पुतण्या गेला घरी. ट्रेची पिन सापडेना, आईनं गोधडीची सुई दिली त्यानं सिम काढलं. आबांनी बँकेला फोन लावला. दोन नोंदी आहेत, २५,००० आणि १९,५००, दोन्ही संध्याकाळच्या. खातं बंद करायला सांगितलंय. वर्षभर बागेत राबलेत हो ते. पैसे परत मिळतील का?

कृष्णाकाठ
१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लावा आत्ताच, लागला नाही तर परत परत लावा. दोन्ही व्यवहारांचे नंबर, वेळ, रक्कम हाताशी ठेवा. पैसे ज्या खात्यात गेले तिथून पुढं निघायच्या आत गोठवता आले तर मिळायची आशा असते. उद्या पोलीस ठाण्यात जाताना तक्रार क्रमांक न्या.

वारणा_खोरं
तीन दिवसांत कळवलं की बँक सगळे पैसे देते, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे.

निवृत्त_कॅशिअर
अर्धाच नियम सांगताय. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातले ते तीन कामकाजाचे दिवस, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही तेव्हाचे. ग्राहकाच्या हलगर्जीनं गेले तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. बँक म्हणेल आबांनीच परवानगी दिली. म्हणून आबांचा फोन किती वाजून किती मिनिटांनी गेला ते लिहून ठेवा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी डिसेंबरात असेच नियम लागू झालेत.

मोबाईल_दुरुस्ती_विटा
आणि फोन आज रात्रीच फॅक्टरी रिसेट मारा, म्हणजे आतलं सगळं पुसून नव्यासारखा करा.

कृष्णाकाठ
आधी नाही! त्या फाईलचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर, वेळ, सगळ्याचे फोटो दुसऱ्या फोननं काढा. पोलिसांना काय दाखवणार नाहीतर? मग खुशाल रिसेट.

तासगाव_ते_चाकण (१०:२०)
१९३० लागला, तक्रार क्रमांक मिळाला. फोटो काढले. रिसेट केल्यावर व्हॉट्सॲपचा बॅकअप घेतला तर ते ॲप परत येईल का?

मोबाईल_दुरुस्ती_विटा
बॅकअपनं ॲप आपोआप बसत नाही, पण ग्रुपमधली ती फाईल परत दाबली तर बसेल, म्हणून ती पुसा. व्हॉट्सॲप चालू झालं की लिंक केलेली उपकरणं बघा, अनोळखी असेल ते काढा आणि टू-स्टेप पिन लावा. आबांकडून ज्यांना पत्रिका गेली त्यांना फोन करून सांगा, उघडू नका म्हणून. आणि ते भावकीतलं पोरगं, त्याच्या फोनात हेच बसलं असणार, त्याला कुणी कळवलं का?

तासगाव_ते_चाकण
नाही. लावतो आत्ता त्याला.