लो-विंग होमबिल्ट (घरी बांधलेल्या) विमानात पेट्रोलचे फिल्टर: कोणते आणि कुठे?

सातपुडा_विंग (जळगाव):
राम राम मंडळी. दोन सीटचं लो-विंग (पंख खाली असलेलं) विमान बांधतोय, इंजिन रोटॅक्स 912 यूएलएस, कार्ब्युरेटरवालं. दोन्ही पंखांत ॲल्युमिनियमच्या टाक्या, मध्ये सिलेक्टर (टाकी निवडायचा कॉक), मग इलेक्ट्रिक पंप, फायरवॉलपलीकडे (इंजिनामागच्या आगरोधक भिंतीपलीकडे) इंजिनाचा पंप. सिलेक्टरनंतर 10 मायक्रॉनचा एकच कागदी फिल्टर आणि फायरवॉलवर इंजिनाच्या बाजूला गॅस्कोलेटर (पाणी-गाळ साचवून खालून काढायची वाटी), असं डोक्यात आहे. जितका बारीक तितका सुरक्षित ना? इकडची धूळ आणि मे महिन्याचं ऊन धरून सांगा.

गोंदूर_रनवे (धुळे):
भाऊ, पंपाच्या आधी 10 मायक्रॉन नकोच. तिथे पंप पेट्रोल ओढतो. ओढायच्या बाजूला अडथळा आला की दाब पडतो, आणि तापलेल्या पेट्रोलची तिथेच वाफ होते. भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांवर असताना पंखातली टाकी आधीच भाजलेली असते, त्यात ही भर कशाला? 10 मायक्रॉन इंजेक्शनच्या इंजिनाला लागतो, तोही पंपानंतर. कार्ब्युरेटरला 100 मायक्रॉनची, म्हणजे 0.1 मिमीची जाळी पुरते.

कागदाला पाणी लागलं की तो फुगतो आणि प्रवाह कोंडतो. धुता येईल अशी स्टीलची जाळी घ्या. पारदर्शक प्लॅस्टिक किंवा काचेचा फिल्टर इंजिनाच्या खोलीत लावू नका; आग लागली तर सगळ्यात आधी तोच जातो.

मुख्य म्हणजे एकच फिल्टर ठेवू नका. प्रत्येक टाकीला स्वतःचा, सिलेक्टरच्या आधी. एक तुंबला तर सिलेक्टर फिरवून दुसऱ्या टाकीवर जाता येतं. सिलेक्टरनंतरचा एकुलता फिल्टर तुंबला तर दोन्ही टाक्या असून नसल्यासारख्या. टाकीच्या तोंडाशी जाड जाळी वेगळी हवी: इंचाला 8 ते 16 घरं, आणि जाळीचं मोकळं क्षेत्रफळ नळीच्या छेदाच्या किमान 5 पट. पहिल्यांदा टाकी भरण्याआधी ती पेट्रोलने हलवून धुवा. सीलंटचे तुकडे आणि ड्रिलचा चुरा सुरुवातीच्या तासांतच निघतो, तेव्हा प्रत्येक उड्डाणानंतर जाळी उघडून बघा.

तापीकाठ (भुसावळ):
वरचं पटलं. गॅस्कोलेटर मात्र फायरवॉलच्या गरम बाजूला नको. विमान जमिनीवर उभं असताना सगळ्यात खाली येणारी जागा शोधा, शक्यतो फायरवॉलच्या अलीकडे. पाणी तिथेच साचतं. त्याहून खाली नळीला एक झोल राहिला तरी निचऱ्यातून ते कधीच दिसणार नाही. इंजिनाच्या खोलीतल्या नळ्यांवर फायरस्लीव्ह (आगरोधक आवरण) घाला. इंजिनाकडून टाकीला परतीची नळी ठेवा, तिच्यात 0.35 मिमीचं छिद्र. वाफ तिथून निघून जाते. परतीचं पेट्रोल कोणत्या टाकीत जातं ते पक्कं करा. चुकीच्या टाकीत गेलं तर ती व्हेंटमधून (टाकीत हवा घेणाऱ्या नळीतून) ओतून जाईल.

धुळीचं म्हणाल तर व्हेंट विसरू नका. कापसाचा तंतू जाळीवर चिकटतो, आणि कुंभारीण माशी आठवडाभरात नळीत मातीचं घर करते. व्हेंट बुजलं की टाकीत निर्वात होतं, फिल्टर कितीही चांगला असो. उभ्या विमानाच्या व्हेंटला लाल फीत लावलेली टोपी घाला आणि उड्डाणाआधी आठवणीने काढा.

सातपुडा_विंग (जळगाव):
आभारी आहे. पेट्रोल पंपावरचं चालेल का? आणि एवढ्या जाळ्यांतून पुरेसा प्रवाह येतो हे कसं तपासायचं?

गोंदूर_रनवे (धुळे):
या इंजिनाला रोटॅक्सची मुभा ई10 (10 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) पर्यंत आहे. पंपावर आता ई20 मिळतं. इथेनॉल पाणी स्वतःत विरघळवून घेतं, ते पाणी कोणतीही जाळी अडवत नाही. तपासायला मापकाचेत 10 मिली पाणी आणि 90 मिली पेट्रोल हलवून ठेवा. तळचा थर 10 वरून 19 च्या पुढे चढला तर इथेनॉल 10 टक्क्यांहून जास्त आहे. इंडियन ऑइल 2022 पासून वडोदऱ्याच्या रिफायनरीत ॲव्हगॅस 100 एलएल (विमानांचं शिसं असलेलं पेट्रोल) बनवतं. ते वापरलंत तर शिशामुळे ऑइल लवकर बदलावं लागेल.

प्रवाहाची चाचणी अशी: टाकीत तळाशी उरेल इतकंच पेट्रोल, नाक सर्वाधिक चढणीच्या कोनात वर, इलेक्ट्रिक पंप चालू. कार्ब्युरेटरची नळी सोडून तिच्या टोकाला गेज आणि व्हॉल्व्ह लावा, आणि दाब 0.15 बारवर राहील इतका व्हॉल्व्ह मिटा. टेकऑफच्या पूर्ण जोरावर इंजिन ताशी 27 लिटर पितं, राखीव धरून त्याचे 125 टक्के म्हणजे सुमारे 34 लिटर. तेव्हा 1 लिटर 106 सेकंदांच्या आत भरायला हवा. दोन्ही टाक्यांवर वेगवेगळं मोजा. एक टाकी हळू भरत असेल तर आधी तिचं व्हेंट बघा, मग जाळी.