चोच तिसऱ्यांदा तुटली. लाकडातलं कोरीवकाम स्वतःचं स्वतः शिकतोय, नेमकं काय चुकतंय?

अर्धवट_चिमणी
नमस्कार मंडळी. दोन महिने झाले लाकूड कोरायचा नाद लागलाय. क्लास वगैरे काही नाही, व्हिडिओ बघायचे आणि करत बसायचं. बारा हत्यारांचा सेट ऑनलाइन मागवला, त्यात चाकू आहे, सपाट पटाशी, गोल पटाश्या, ती व्ही आकाराची, सगळंय. लाकूड म्हणून घरात चौकटीचा उरलेला सागवानी तुकडा पडला होता तोच घेतला. त्यातून मुठीत मावेल एवढा पक्षी करतोय. अंग कसंबसं जमतं पण चोचीपाशी आलं की कटकन तुटते, तीनदा झालं हे. शिवाय अर्ध्या तासात अंगठा असा ठणकतो की पेन धरवत नाही, आणि लाकूड कापलं जायच्या ऐवजी उचकटतं, नुसती कुसळं निघतात. मग मी सँडपेपरने घासून गुळगुळीत करतो, परत चाकू घेतो, परत तेच. आता हात बसला नाहीये म्हणून असं होतंय, का हत्यारं बेकार आहेत, का सागवानच चुकलं? आणि ते छोटं फिरणारं मशीन मिळतं ते घेऊन टाकू का, सरळ?

जुनी_पटाशी
मशीन नंतर बघू. आधी एक काम करा. मऊ लाकडाचा एखादा तुकडा घ्या आणि त्याच्या टोकाकडून, म्हणजे करवतीने आडवा कापल्यावर जो चेहरा दिसतो ना, त्यावरून चाकूने पातळ ढलपी काढा. कापलेली जागा पॉलिश केल्यासारखी चमकली तर धार आहे. पांढरट, भुसभुशीत दिसली तर धार नाही. चमकतंय पण मधेच पांढऱ्या रेघा ओढल्यासारख्या दिसतायत तर पात्याला तेवढ्या जागी खाचे आहेत. कागद कापून बघायची टेस्ट सगळे सांगतात पण कागद बरेच चाकू कापतात, ही टेस्ट खोटं बोलत नाही.

माझा अंदाज आहे की तुमचा चाकू नापास होणार. नवीन हत्यार धार लावूनच येतं हा मोठा गैरसमज आहे, बऱ्याच सेटमधली हत्यारं नुसती घासलेली असतात. धार लावायच्या १००० नंबरच्या दगडावर पातं टेकवा, पाठ उचलायची नाही, धारेकडे निमुळता होत जाणारा उतार आहे तो पूर्ण टेकला पाहिजे. टेकतोय का कळत नसेल तर उतारावर मार्करने काळं फासा आणि दोन हात मारून बघा, काळं कुठलं गेलं त्यावरून लगेच समजतं. दुसऱ्या बाजूला बोटाला खरखरीत कड लागायला लागली की बाजू बदला. मग ३००० किंवा त्याहून बारीक दगड, आणि शेवटी लाकडाच्या पट्टीवर चिकटवलेलं चामडं, त्यावर पॉलिशची हिरवी वडी चोळून. चामड्यावर पातं फक्त मागे ओढायचं, धार पुढे ढकललीत तर चामडं कापलं जाईल. आणि ओढून झाल्यावर उचलताना मनगट फिरवू नका, तिथेच सगळे धार गोल करून ठेवतात आणि मग म्हणतात चामड्याने काही होत नाही.

काम चालू असताना दर वीस-तीस मिनिटांनी चामड्यावर दहा-पंधरा हात. अंगठा दुखतो तो बोथट चाकू ढकलून ढकलून. हात बसण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आणि हो, तो सँडपेपर!! घासला की त्याचे बारीक कण लाकडात रुतून बसतात आणि पुढच्या वेळी चाकू त्या कणांवरून चालतो. म्हणजे तुम्ही दर वेळी स्वतःच धार घालवताय. चाकूचं सगळं काम संपल्याशिवाय सँडपेपर टेबलावर आणूच नका. त्यात सागवान, त्याच्यात मुळातच वाळूचा अंश असतो, धार लवकर जाते.

बारा हत्यारांचं म्हणाल तर एक चाकू आणि एक गोल पटाशी बाहेर ठेवा. बाकीची दहा खणात.

रेषेवर_चालणारी
धारेचं वर बरोबर सांगितलंय पण चोच त्याने तुटत नाहीये 🙂 चोच रेषेमुळे, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दिशेमुळे तुटतेय.

लाकूड म्हणजे काड्यांची घट्ट बांधलेली जुडी समज. चोच काड्यांच्या दिशेने काढलीस तर त्यात चार लांब काड्या असतात, त्या सहज मोडत नाहीत. आडवी काढलीस तर चोच म्हणजे एकाला एक चिकटलेले नखाएवढे काड्यांचे तुकडे, ते सुटणारच, चाकू कितीही धारदार असू दे. तुझा पक्षी बहुतेक उभ्या तुकड्यात उभा कोरलेला आहे, रेषा पायाकडून डोक्याकडे आणि चोच त्याच्या आडवी बाहेर. बरोबर ना? म्हणून आधी तुकड्यावर पेन्सिलने रेषेच्या दिशेचा बाण काढायचा आणि जो भाग सगळ्यात लांब नि बारीक तो त्या बाणावर झोपवायचा. लाकडी बदकं करणारे लोक तर डोकं वेगळ्या तुकड्यातून करून नंतर जोडतात, चोचीला हवी तशी रेष मिळावी म्हणून. आणि चोच शेवटपर्यंत जाड ठेव. सगळे आधी चोच करतात कारण ती करायला मजा येते. एवढं करूनही भीती वाटली तर पातळ सुपरग्लू मुरू दे तिच्यात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मुरलेले लोकही करतात.

उचकटण्याचं कारणही तेच. नेहमी उतारावरून खाली कापायचं, जाड भागाकडून बारीक भागाकडे. मांजराच्या अंगावरून उलटा हात फिरवला की कसे केस उभे राहतात तसं लाकूड उलट्या दिशेने उभं राहतं. पातं आत घुसतंय असं वाटलं की जोर लावायचा नाही, तुकडा फिरवायचा आणि समोरून यायचं. खोलगट जागेत, म्हणजे मान आणि पाठ मिळते तिथे, दोन्हीकडून खाली मधल्या बिंदूपर्यंत यायचं आणि तिथे थांबायचं, पलीकडे चढलास की उचकटलं.

तीन_टाके
कोणी हातमोज्याचं बोललंच नाही. माझं नाव बघा 😅

लाकूड धरणाऱ्या हातात कापविरोधी मोजा आणि चाकूच्या हाताच्या अंगठ्याला चामड्याची टोपी किंवा जाड टेप. मोजा घसरणाऱ्या धारेपासून वाचवतो, टोक घुसण्यापासून नाही, हे मला टाके पडल्यावर कळलं. मांडीवर ठेवून तर अजिबात कोरू नका, मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते. कोपरं गुडघ्यावर टेकवून, तुकडा गुडघ्यांच्या पुढे. चाकू हातातून पडला तर पडू द्या, झेलायला जाऊ नका (सांगायला सोपं आहे, हात आपोआप जातो). आणि मोगरी मारून पटाशी चालवायची तर तुकडा क्लॅम्पमध्ये, दोन्ही हात धारेच्या मागे.

अंगठ्याबद्दल अजून एक. अख्खा हात पुढे ढकलून कापत असाल तर चूक. धरलेल्या हाताचा अंगठा पात्याच्या पाठीवर ठेवा आणि त्याने हळूच रेटा, चाकूचा हात नुसता मनगटात फिरतो. कापणी अर्ध्या इंचाची होते पण कुठे थांबणार ते आपल्या ताब्यात राहतं.

अर्धवट_चिमणी
बापरे. रेषेवर_चालणारी, तुकडा उभाच होता, तुला कसं कळलं! सागवान बंद. पण मग लाकूड कुठलं? व्हिडिओत काही जण बासवुड म्हणतात काही जण लाइमवुड, म्हणजे लिंबाचं झाड का?

जुनी_पटाशी
लिंबाशी काही संबंध नाही, नाव फसवं आहे. ते लिंडन म्हणून वेगळं झाड, अमेरिकेतल्या त्याच्या भावाला बासवुड म्हणतात. मऊ, रेष जवळजवळ न दिसणारी, कुठल्याही बाजूने कापा फार कुरकुर करत नाही. ग्रिनलिंग गिबन्स (१६४८–१७२१) म्हणून इंग्लंडमधला नावाजलेला लाकूड कोरणारा होता, तो बहुतेक नाजूक काम लिंडनच्याच लाकडात करायचा, त्याने कोरलेला लेसचा गळपट्टा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, फोटो बघा, लाकूड आहे हे पटत नाही. बासवुड नाही मिळालं तर शिवण झाडाचं लाकूड चांगलं, हलकं असतं आणि फारसं वाकत नाही. गाठ नसलेला, वाळलेला तुकडा घ्या. प्लायवुड आणि एमडीएफवर चाकू चालवू नका.

मशीनचं राहिलं. वाईट नाही ते, पण त्याला रेष कळावी लागत नाही, त्यामुळे तुम्हालाही कळणार नाही. शिवाय पिठासारखी धूळ उडते, मास्क लागतोच. चाकूने ढलप्या पडतात, झाडल्या की झालं.

पक्ष्याच्या आधी ठोकळ्याचा चेंडू करा. चेंडूवर कापायची दिशा सारखी बदलत राहते, दोन चेंडूंत रेष कळते.

रिकामा_ठोकळा
चेंडू करून मी हा छंद दोन वर्षं सोडला होता, इतका कंटाळा आला. पक्षीच कर रे. फक्त ठोकळ्याच्या दोन बाजूंना आकृती काढ, समोरून आणि बाजूने, आणि फालतू लाकूड आधी करवतीने उडव, ते चाकूने काढत बसू नकोस.

अर्धवट_चिमणी
दहा दिवसांनी अपडेट. धारेची टेस्ट नापास, नुसत्या पांढऱ्या रेघा. दगडावर तीन संध्याकाळी गेल्या, पहिल्या दिवशी तर धार होती तीही घालवली, मार्कर फासल्यावर कळलं की मी नुसतं टोकच घासत होतो. आता चमकतंय. अंगठा दुखत नाहीये. चेंडू अर्धा केला आणि ठेवून दिला, सॉरी.

पक्षी बासवुडमध्ये आडवा झोपवून केला, बाण काढून. चोच राहिली! शेपटी तुटली. ती मी ऐटीत सरळ वर उभी केली होती.

रेषेवर_चालणारी
बाणाच्या आडवी 😂

अर्धवट_चिमणी
हो ना. तुकडा सापडलाय, सुपरग्लू लावलाय, आता बोट चिकटलंय.