पॉट्सला पेज-मीठ पुरे की गोळी हवीच?

खाडीकाठची:
मला पॉट्स आहे, उभं राहिलं की नाडी फार धावते तो आजार. म्हणजे आडवी असताना नाडी ७४ आणि उठून उभी राहिले की पाच-सात मिनिटांत ११८, बीपी मात्र पडत नाही. गेल्या गणपतीत तिसऱ्या आरतीलाच डोळ्यापुढे अंधारी येऊन पडले तर सासूबाईंनी अंगात आलं म्हणून गाऱ्हाणं घातलं 😅 निदान व्हायला तीन वर्षं गेली. आता सकाळी उकड्या तांदळाची पेज, वर चांगलं चमचाभर मीठ, सोबत लोणचं, दिवसभर आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घातलेलं पाणी, आणि दुपारी ताटभर भात न खाता चार वेळा थोडं थोडं. इतका फरक पडलाय की प्रोप्रॅनोलॉल (नाडी मंद करणारी गोळी) बंद करावी म्हणतेय. नैसर्गिक उपायांनीच भागत असेल तर गोळी कशाला?

रिटायर्ड सिस्टर:
बंद कर पण अचानक नको बाई. ही गोळी एकदम सोडली की नाडी उसळी मारते, मग तू म्हणशील आजार वाढला. डॉक्टरला विचारून हळूहळू कमी करायची असते. आणि तू ज्याला नैसर्गिक म्हणतेस ना, ते मीठपाणी डॉक्टरच आधी सांगतात, ते काय आजीच्या बटव्यातलं गुपित नाहीये. मिठामुळे अंगात पाणी धरून राहतं, रक्ताचं प्रमाण वाढतं, मग पायात रक्त साचलं तरी हृदयाला एवढं धावावं लागत नाही. पण आगळात किती मीठ आहे मोजलंयस का? प्रत्येक घरचं वेगळं.

चिऱ्याचं घर:
मी खाडीकाठचीच्या बाजूने. मला दोन वर्षं 'टेन्शन घेताय' म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या, कोणी उभं करून नाडी मोजली नाही. मोठ्या माणसात दहा मिनिटांत ३० ठोके वाढले, पोरांत ४०, एवढं साधं गणित! घड्याळ आणि दोन बोटं पुरतात. त्या गोळ्यांवर विश्वास ठेवायचा आणि पेजेवर नाही? का?

माडावरचा:
अहो पण तुमचं निदान चुकलं म्हणून सगळ्या गोळ्या वाईट हे कसं? आमच्या घरी वडलांना हाय बीपी, आईने असंच कुठेतरी वाचून त्यांना मीठ वाढवलं, बीपी १८० वर गेलं. डब्ल्यूएचओ सांगतं दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ, पॉट्सवाल्यांना ८-१० सांगतात, म्हणजे एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष. आणि शहाळ्याचं पाणी म्हणजे मीठपाणी नव्हे हं, त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी.

आजोळ गुहागर:
जेष्ठमध घ्या, नैसर्गिक आहे, बीपी वर आणतं, आमच्या ओळखीतल्यांना फरक पडला.

रिटायर्ड सिस्टर:
इथेच गडबड होते बघा! जेष्ठमधाने शरीरात मीठ अडतं आणि पोटॅशियम निघून जातं. पॉट्सवाल्यांना देतात ती फ्लुड्रोकॉर्टिसोन ही गोळी पण साधारण तेच करते. दोन्ही एकत्र घेतलं तर पोटॅशियम धोकादायक खाली जाऊ शकतं, हृदयाची लय बिघडते. झाडाचं मूळ आहे म्हणून निरुपद्रवी नसतं. त्यापेक्षा पोटापर्यंतचे घट्ट मोजे घाल, आणि व्यायाम बसून किंवा आडवं पडून. आमच्या कोकणात मे महिन्यात ते मोजे घालणं म्हणजे शिक्षाच, हे मान्य.

चिऱ्याचं घर:
सिस्टर, मोजे मी एप्रिलमध्ये फेकले 😂 खाज सुटते. जांघा आवळणं आणि पाय एकमेकांवर आढी घालणं जमतं, एस्टीच्या लाइनीत तेच करते.

माडावरचा:
पोहणं पण चांगलं म्हणतात, पाण्यात रक्त खाली साचत नाही. पण खाडीत एकटीने जाऊ नका, चक्कर आली तर काढणार कोण?

खाडीकाठची:
बरं. गोळी चालूच ठेवते, पुढच्या महिन्यात डॉक्टरला विचारते. पण माझं मत तेच आहे, पेजेने मला उभं केलं, गोळीने नाही. आगळाचं मात्र खरंय, आजच वजनकाट्यावर मीठ मोजून बरणीवर चिकटपट्टी लावलीय, दिवसाचं तेवढंच. आणि यंदा आरतीला पाट घेऊन बसणार, दोन मावश्या काय म्हणतील ते आधीच माहीत आहे.

आजोळ गुहागर:
देवासमोर बसून आरती? आमच्याकडे नाही चालायचं.

खाडीकाठची:
मग मला उचलायला माणसं ठेवा.