प्रकल्प बंद पडल्यानंतर जुन्या मुलाखती प्रबंधात वापराव्यात का? (मदत हवी आहे)

नमस्कार. आंतरराष्ट्रीय विकास आणि परकीय मदत या विषयात पीएचडी करत असून माझे हे चौथे वर्ष आहे. मदत परिणामकारक ठरते की नाही, या जुन्या वादात मला पडायचे नव्हते. देणगीदाराच्या वार्षिक अहवालात ‘इतक्या मातांची प्रसूतिपूर्व तपासणी झाली’ असे एक वाक्य येते. त्यातला आकडा आरोग्यसेविकेच्या नोंदवहीतून निघून वर पोहोचेपर्यंत कोणाकोणाच्या हातून जातो आणि वाटेत त्याचे काय होते, एवढेच मला पाहायचे होते. त्यासाठी एका आरोग्य प्रकल्पासोबत मी सात महिने राहिले आणि ४३ मुलाखती घेतल्या. परतल्यावर ध्वनिमुद्रणे ऐकून लिहून काढत असतानाच देणगीदाराने निधी थांबवला आणि काही आठवड्यांत प्रकल्प गुंडाळला गेला.

हे माझ्या एकटीच्या वाट्याला आलेले नाही, याची कल्पना आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या यूएसएड या अमेरिकी सरकारच्या परकीय मदत संस्थेकडची मदतकार्ये १ जुलै २०२५ पासून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडे गेली. ब्रिटनने २०२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणलेली मदत २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर नेण्याचे जाहीर केले आहे. माझे मार्गदर्शक म्हणतात की आता हा प्रबंध ‘एका प्रकल्पाचा इतिहास’ म्हणून लिहावा. भूतकाळी क्रियापदे घालणे सोपे आहे. अडचण वेगळीच आहे.

प्रकल्पात देखरेख आणि मूल्यमापन अधिकाऱ्याचे पद एकच होते. त्या पदावरील बाईंनी मुलाखतीत आपली वही उघडून मला एक पान दाखवले होते. एका केंद्राचा आकडा आधी पेन्सिलीने लिहिलेला होता, तो खोडून त्यावर शाईने दुसरा लिहिला होता, आणि पेन्सिलीची खूण उजेडात धरल्यावर अजून दिसत होती. तिमाही संपत आली की केंद्राकडून माहिती आली नसली तरी रकाना मोकळा ठेवता येत नाही, म्हणून मागच्या तिमाहीचा आकडा थोडा वाढवून भरावा लागतो, असे त्यांनी शांतपणे सांगितले. माझे चौथे प्रकरण जवळजवळ या पानावर उभे आहे.

त्यांची नोकरी गेली असून त्या याच क्षेत्रात काम शोधत आहेत, आणि या क्षेत्रात उमेदवाराची चौकशी कोणाकडे करायची हे सर्वांना ठाऊक असते. मागच्या महिन्यात त्यांनी लिहिले, “तो वहीचा भाग कृपया वापरू नका.” संमतिपत्रानुसार मुलाखत मागे घेण्याची मुदत तीन महिन्यांची होती आणि ती केव्हाच संपली आहे, म्हणजे कागदोपत्री मी तो भाग वापरू शकते. त्याच संमतिपत्रात ‘आपल्या उत्तरांचा आपल्या नोकरीवर परिणाम होणार नाही, अशी काळजी घेतली जाईल’ असेही माझ्या सहीने लिहिलेले आहे. याउलट, कामावरून कमी झालेले एक क्षेत्र समन्वयक आता म्हणतात की माझे नाव घालूनच लिहा, मला लपवायचे काही उरलेले नाही.

मुलाखती बाजूला ठेवून ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या मदतविषयक आकडेवारीवर काम करावे, असेही एका सहकाऱ्याने सुचवले. त्या माहितीसाठ्यात माझा सगळा प्रकल्प म्हणजे १३०२० या प्रजनन आरोग्याच्या संकेतांकाखालची वर्षाला एक ओळ आहे. किती रक्कम खर्ची पडली ते तिथे कळते, वहीत काय घडले ते कळत नाही. शिवाय तिथले प्रकल्पनिहाय अंतिम तपशील साधारण वर्षभर उशिरा येतात आणि माझ्या फेलोशिपचे फक्त १४ महिने उरले आहेत.

ज्यांनी अशा परिस्थितीत प्रबंध पूर्ण केला आहे, त्यांनी कृपया सांगावे : मुदत उलटल्यावर आलेली विनंती आपण मान्य केली का? केली असल्यास त्या प्रकरणाचे काय केलेत?

उत्तर :

मी मान्य केली होती आणि आपणही करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तीन महिन्यांची मुदत संशोधकाच्या सोयीसाठी असते. ती घालताना प्रकल्प चालू राहील, हे दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेले होते. नैतिकता समितीला बदललेली परिस्थिती लेखी कळवा आणि सर्वांकडून नव्याने संमती घेण्याची परवानगी मागा. यात दोन महिने जातील, पण परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील.

नाव घाला म्हणणाऱ्या गृहस्थांचेही नाव घालू नये. एकाचे नाव छापले की त्या छोट्या कार्यालयातील उरलेले सगळे ओळखू येतात, आणि त्यांनी तशी संमती दिलेली नाही. वहीचे पान काढून टाका, पण रिकामा रकाना भरण्याची पद्धत एकाच व्यक्तीने सांगितली असेल, असे मला वाटत नाही. बाकीच्या मुलाखती त्या दृष्टीने पुन्हा वाचून पाहा.

मूळ प्रश्नकर्ती :

मनापासून आभार. काल रात्री बसून वाचले. अन्य सहा जणांनी तीच पद्धत आपापल्या शब्दांत सांगितली आहे, त्यांतील चौघी आरोग्यसेविका आहेत. वहीच्या नादात माझे त्यांच्याकडे लक्षच गेले नव्हते. प्रकरण आता त्यांच्या बाजूने, म्हणजे खालून वर, लिहावे लागेल. एक शंका उरते : नव्याने लिहिलेले प्रकरण त्या बाईंना आधी वाचायला पाठवणे योग्य ठरेल, की त्यामुळे त्यांच्यावर नकळत होकाराचे दडपण येईल?