चंद्रलेखा म्हणजे नुसती कसरत? अहो, जरा थांबा

तिल्लाना_नौपाडा:
काल एका ताईंनी लिहिलं की नृत्यदिग्दर्शिका चंद्रलेखांनी भरतनाट्यममधला भाव काढून टाकला आणि नुसती कसरत ठेवली, क्लासच्या मुलींना असले व्हिडिओ दाखवू नका. डोकंच फिरलं. बाई काय रस्त्यावरून उठून आल्या होत्या का? एल्लप्पा पिल्लै या भरतनाट्यमच्या गुरूंकडे रीतसर शिकल्या. १९५२ चं अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावरचा पहिला स्वतंत्र कार्यक्रम, तेही रायलसीमेच्या दुष्काळ निधीसाठी, आणि ऐन नाचताना भरलेली यमुना हातांनी दाखवायची वेळ आली तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं की तिकडे लोक घोटभर पाण्याला महाग झालेत आणि आपण इथे पाणी खेळतोय! ते जे खटकलं ते कायमचं. मग १९८५ ला त्यांनी बसवलेलं ‘अंगिका’ आलं, कलरीपयट्टू ही केरळची युद्धकला आणि योग भरतनाट्यमला भिडवलेले, नायकाची वाट बघत झुरणारी नायिका गायब. पण अरैमंडी, ती अर्धी बैठक, बघा ना. गुडघे पार बाहेर, पाठ सरळ, श्वाससुद्धा हलत नाही. तेवढं बसून दाखवा, मग कसरत म्हणा.

गुरुकृपा_वाशी:
ती ताई मीच. त्यांनी बसवलेलं ‘शरीर’ बघितलंय मी, गुंदेचा बंधूंचं ध्रुपद होतं म्हणून शेवटपर्यंत टिकले. दोन माणसं मुंगीच्या पावलांनी सरकतायत. देव नको, अभिनय नको, मग भरतनाट्यमला हात तरी कशाला लावायचा? हजारो वर्षांची परंपरा आहे.

कोपरखैरणे_लोकल:
हजारो? तुम्ही शिकवता तो अलारिप्पूने सुरू होऊन तिल्लानाने संपणारा नाचांचा क्रम तंजावर बंधूंनी, म्हणजे तंजावरच्या चार भावांनी बसवला, सरफोजी राजांच्या दरबारात, म्हणजे आपल्याच भोसल्यांकडे, एकोणिसाव्या शतकात. तेव्हाही कुणीतरी नाक मुरडलंच असेल.

घोडबंदरचा_बाबा:
अरंगेत्रमचा विषय निघालाच आहे तर बोलतो. दुष्काळ निधी राहू दे, आमच्याकडेच दुष्काळ पडला. हॉल, मृदंगम, व्हायोलिन, गायिका, वर्णम या मोठ्या नाचाला वेगळा ड्रेस, पदम या अभिनयाच्या नाचाला वेगळा, टेंपल ज्वेलरी, मेकअपवाला, आर्ट पेपरवर छापलेली पत्रिका, वर मॅडमना सोन्याची वस्तू. मेव्हणा विचारतो, जावई कुठाय?

गुरुकृपा_वाशी:
मृदंगमवाले फुकट येतात का हो? पोरीच्या बर्थडेला बँक्वेट बुक करताना दुखत नाही, कलेला दिले की लगेच पोटात गोळा!

घोडबंदरचा_बाबा:
कलेला नाही मॅडम, कॅटररला. तो पण आमच्या मॅडमनीच ठरवलेला, दुसरा चालणार नाही म्हणाल्या. आता का ते तुम्ही सांगा.

गुरुकृपा_वाशी:
तोंड सांभाळून बोला. सगळ्या क्लासवाल्यांना एका माळेत ओवू नका.

तिल्लाना_नौपाडा:
अहो पनीर-पुलावातून बाहेर या!! बाईंनी हाच तर सगळा झगमगाट उतरवून ठेवला. १९८९ मध्ये भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली गणितं नाचवली त्यांनी, भुंगे आणि कमळांसकट. ह्यात भाव नाही म्हणता?

गुरुकृपा_वाशी:
अरैमंडी खणखणीत आहे, घ्या, मान्य केलं, पेढे वाटा. माझ्या क्लासमध्ये वर्णमच होणार.

घोडबंदरचा_बाबा:
गणितं नाचवली? याचा व्हिडिओ असेल तर द्या ना कुणीतरी. मुलगी दहावीला गेली आणि घरून नाच बंदचा हुकूम निघालाय, तेवढंच एक निमित्त सापडेल.

कोपरखैरणे_लोकल:
बाबा, नाच बंद होणारच असेल तर तो टेंपल ज्वेलरीचा सेट विकायला काढणार का? नेरूळला भाचीचं अरंगेत्रम आहे डिसेंबरात. रेट जरा नीट सांगा.