सिमेंटचे पत्रे काढताना जपा
"घरावर तीस वर्षं सिमेंटचे पत्रे आहेत, कुणाला काही झालं नाही," असं एकांनी लिहिलंय. धड पत्र्याखाली राहण्याचा धोका खरंच कमी असतो, कारण या पत्र्यांत मिसळलेल्या ॲस्बेस्टॉस या खनिजाचे तंतू सिमेंटमध्ये पक्के बसलेले असतात. पण तीस वर्षं काही झालं नाही म्हणून निर्धास्त होता येत नाही. हे तंतू श्वासावाटे आत गेल्याने होणारा मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, २० ते ५० वर्षांनीही उद्भवतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉसच्या धंद्यातल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी निदान ४० वर्षं जपायला सांगितल्या.

मला खरी काळजी वाटते ती पत्रे बसवणाऱ्या-उतरवणाऱ्या माणसांची. कोरडा पत्रा कटरने कापला, ड्रिलने भोक पाडलं की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत जातात, आणि तोंडाला फार तर रुमाल! एवढे बारीक तंतू तो अडवू शकत नाही. कपड्यांवरून हे तंतू घरीही येतात. कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायकांना हा आजार झाल्याच्या नोंदी आहेत.

पत्रे काढायचेच असतील तर आधी पाण्याने भिजवा, अख्खे उतरवा, चुरा झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा. आणि बारीक धूळ अडवणारे मास्क मजुरांना तुम्हीच आणून द्या.